अनुमोदक : सौ. राखी रामसिंग राठोड

हिवरदरी, ५ डिसेंबर

राखीताई,

फोन लावून थकलो. आधी वाजायचा, मग कट व्हायला लागला, आता नुसती बाई बोलते की हा नंबर व्यस्त आहे. तुम्ही मला ब्लॉक केलंय असं माझ्या पोरीनं समजावून सांगितलं. म्हणून हे पत्र. बावीस वर्षं ग्रामसेवकी केली, हजारो पत्रं लिहिली, पण सगळी 'उपरोक्त विषयास अनुसरून' छापाची. माणसाला लिहायचं पत्र कसं सुरू करतात ते विसरलो आहे. वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं.

तुमचे दीर लखीराम ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आले आहेत. शनिवारी परत कऱ्हाडकडं निघणार म्हणाले. त्यांच्या हाती देतो.

विषय एकच. तुम्ही परत या. आशा सेविकेची जागा अजून रिकामीच आहे. तालुक्याहून दोनदा विचारणा झाली, तांड्यातली एकही बाई तयार नाही. घरोघरी ताप विचारणारं कोणी नाही, भिंतीवर खडूनं तारीख टाकणारं कोणी नाही. तुमच्या हातची शेवटची तारीख दिसते ती १४ नोव्हेंबर. शाळेत तुमच्या दोन्ही लेकरांच्या नावापुढं रोज गैरहजेरी लागते. नऊ वर्षं तुम्ही ऊसतोडीला गेला नाहीत ते या लेकरांच्या शाळेपायी, हे मला ठाऊक आहे. आता पाचवीतली पोरगी उसाच्या फडात जनावरांसाठी वाढं गोळा करत असेल, हे बरं दिसत नाही.

निकिताचं जे झालं ते कोणाच्या हातात नव्हतं. डेंग्यू काय आपल्याच गावात आला? सगळ्या तालुक्यात तापाची साथ होती. मारोतरावांनी तांड्यात सगळ्यांसमोर ठरावाचं बुक उघडून वाचलं ते रागाच्या भरात. सरपंच माणूस, अंगावर आलं ते शिंगावर घेतलं. बुकात काय असेल ते असेल, तुम्ही इतकं मनाला लावून घ्यायला नको होतं. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. रामसिंगभाऊंना माझा नमस्कार सांगा.

आपला,
भा. ना. काळबांडे
ग्रामसेवक, गट ग्रामपंचायत हिवरदरी


आसेगाव, २२ डिसेंबर

राखीताई,

पुन्हा गावी आलेल्या लखीरामला विचारलं, पत्र दिलं का? म्हणाला, "देल्लं ना. वाचलं तिनं. मंग चुलीत घातलं."

बरं केलंत. त्यात जाळण्याजोगंच जास्त होतं. तरी वाचलंत एवढ्यावर मी पुन्हा लिहायला बसलो. या खेपेला घरून लिहितो आहे, म्हणून गावाचं नाव बदललं. पंचायतीच्या टेबलावर बसलं की माझा हात आपोआप खोटं लिहायला लागतो की काय, अशी शंका येते.

निकिताचं कोणाच्या हातात नव्हतं असं मी लिहिलं. तुम्ही वाचून हसला असाल, किंवा हसलाही नसाल. कोणाच्या हातात होतं ते तुम्हाला माहीत आहे. तरी २ ऑक्टोबरची ग्रामसभा इथं लिहून काढतो. तुम्हाला सांगायला नव्हे. ती जिथं लिहायची होती तिथं मी लिहिली नाही, म्हणून.

शाळेच्या वरांड्यात सभा होती. पन्नासेक माणसं, बाया सात-आठ. सोयाबीन निघायला आलं होतं आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली होती. मारोतराव उभे राहिले. "सोयाबीननं तं यंदा हात दाखवला. आता हरभरा हाये म्हणून आपुन हाओ. तलावातलं पानी हरभऱ्याले सोडा. गावाच्या नळाले दिवसाआड पानी कायले पायजे? आठव्या दिवशी सोडू. बाया भरून ठेवतीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला स्वतःलाही ते शहाणपणाचं वाटलं. पाणी थोडं, पोट मोठं. त्यात वाईट कोणी काही बोललं नाही, आणि हेच मला अजून छळतं. तिथं एकही माणूस वाईट नव्हता.

मग तुम्ही उठलात. हातात कागद होता. म्हणालात, "दादा, बाया भरून ठेवतीन तं कायच्यात ठेवतीन? ड्रमात. न डास व्हायले आठ दिवसच लागतात. तुमी पानी बी आठच दिवसांनी देऊन राह्यले. मंग मी कोन्या तोंडानं सांगू का ड्रम रिकामा करा न कोरडा दिवस पाळा?"

मागून कोणीतरी बोललं, "डासाले बी देऊ थोडा हरभरा." लोक हसले. मीही हसलो होतो, राखीताई. मारोतराव तुम्हाला पोरीसारखं मानतात, ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हा पान्याचा इषय हाये माय, दवाखान्याचा नाई. दवाखान्याचा आला का तुले पह्यले बोलावतो."

"पानी आलं का दवाखाना त्याच्या मांगंच येते, दादा."

हे तुमचं वाक्य. अक्षर न् अक्षर आठवतं. तेव्हा मी घड्याळ पाहत होतो. साडेचार वाजले होते आणि मला पोरीला क्लासवरून आणायला मंगरूळला जायचं होतं. मी म्हणालो, "नोंद घेतली, ताई." पेनाचं टोपणसुद्धा उघडलं नव्हतं.

ठराव मी चार दिवसांनी घरी बसून लिहिला. सगळे ग्रामसेवक असंच करतात. सभेत फक्त हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायच्या, बाकीचं नंतर. ठरावाच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर' लिहायचं. कोणी विरोध केला, कोणी शिव्या दिल्या, कोणी रागानं उठून गेलं, तरी सर्वानुमतेच. विरोध लिहिला की वरून प्रश्न येतात, सर्वानुमते लिहिलं की कोणी विचारत नाही. मग खाली दोन रेघा: सूचक आणि अनुमोदक. हजेरीच्या कागदावरून दोन नावं उचलायची आणि तिथं टाकायची. अनुमोदक बाई असली तर उत्तम, महिलांचा सहभाग दिसतो. सात-आठ बायांत स्वच्छ अक्षरातली सही एकच होती, तुमची. बाकीचे अंगठे.

म्हणून तुमचं नाव. वैर नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. मारोतरावांना तर माहीतही नव्हतं की मी कोणाचं नाव टाकलं. नऊ वर्षं सोबत काम केलेल्या बाईचं नाव मी स्वच्छ अक्षर पाहून उचललं आणि सगळ्या सभेत जी एकटी नको म्हणाली तिला हो म्हणायला लावलं. खाली सही केली, शिक्का मारला आणि जेवायला बसलो. त्या दिवशी घरी वांग्याची भाजी होती हेसुद्धा आठवतं.

तुमचा,
भागवत काळबांडे


आसेगाव, ११ जानेवारी

राखीताई,

लखीराम येऊन गेला. तुमचा निरोप त्यानं दारात उभ्यानंच सांगितला, पाणीसुद्धा घेतलं नाही. "वयनी म्हणते का मले कायले लिहून राह्यले? बुकात लिहा म्हणा."

चार दिवस हे वाक्य डोक्यात घेऊन फिरतो आहे. आधी मला रागच आला. म्हटलं, बाईला सोपं वाटतं. बुकात लिहायचं म्हणजे काय? मीच माझ्या हातानं लिहायचं की मी खोटा ठराव लिहिला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, पोरीचं लग्न व्हायचं आहे. निलंबन होईल, चौकशी बसेल, पेन्शन अडकेल. हे सगळं मनात तुमच्याशी भांडून झालं. तुम्ही एकदाही उलट बोलला नाहीत, त्यामुळं भांडण मीच हरलो.

एक गोष्ट मागच्या पत्रात लपवली. तुमच्या हातात कागद होता असं लिहिलं, त्याचं पुढं काय झालं ते लिहिलं नाही. सभा संपल्यावर तुम्ही तो मला दिलात. म्हणालात, "भाऊ, बोललेलं हवेत जाते. हा अर्ज फायलीले लावा." मी घडी करून शर्टाच्या खिशात घातला. आवक रजिस्टरला घेतला नाही. घेतला असता तर ठराव सर्वानुमते झाला नसता. पुढं तो माझ्या डायरीत गेला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अंगणवाडीच्या खिडक्यांची मापं लिहिली.

परवा तो शोधून काढला. तुमचं अक्षर, सात ओळी. "पाणी आठ दिवसांनी आल्यास कुटुंबे ड्रम व टाक्यांत साठवतील. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. हरभऱ्याचे पाणी ठरवताना घरच्या ड्रमचाही विचार व्हावा. नळाला तिसऱ्या दिवशी तरी पाणी द्यावे. तांड्यात दिवाळीनंतर म्हातारी माणसे व लेकरेच राहतात, त्यांना जड ड्रम रिकामा करता येत नाही." तुम्ही जवळजवळ निकिताचंच घर लिहून दिलं होतं, आणि ते महिनाभर आधी.

भाऊसिंग आणि त्याची बायको दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी ऊसतोडीला गेले. मागं भाऊसिंगची आई प्रयागबाई आणि आठवीतली नात निकिता. मोरीच्या बाजूला दोनशे लिटरचा निळा ड्रम. प्रयागबाईच्यानं तो हलत नाही, पोरीच्यानंही नाही. तुम्ही दर खेपेला जाऊन एकट्या तिरपा करायच्या. पण त्यात पुढच्या आठ दिवसांचं पाणी असायचं, मग म्हातारीही रडकुंडीला येऊन म्हणायची, "सांडू नको वं माय, पिऊ काय?" हे तुम्ही मला ऑफिसात येऊन सांगितलं होतं. मी चहा पाजला होता.

तिला ताप आला, तुम्ही मानोऱ्याला नेलं, तिथून अकोल्याला. ताप उतरला तेव्हा प्रयागबाईनं नारळ फोडला आणि तुम्ही मात्र फोनवर म्हणालात, "भाऊ, आताच भ्या वाटते. या तापात उतरल्यावरच बिघडते." तिसऱ्या दिवशी ती गेली आणि भाऊसिंगला फोन करायचं काम तुमच्यावर आलं. मी तालुक्याला रिपोर्ट करायच्या कामात होतो.

आणि आता ते, जे पहिल्या दोन पत्रांत मी टाळत आलो. तेरवी झाल्यावर तांड्याचे प्रमुख मोहनसिंग नाईकांनी देवळापुढं तांडा जमवला. लोक मारोतरावांवर चालून गेले, पाणी आठ दिवसांवर कोणी नेलं म्हणून. मारोतरावांनी माझ्या हातातून बुक घेतलं, पान उलटलं आणि वाचलं. सूचक, मारोतराव. अनुमोदक, सौ. राखी रामसिंग राठोड. वाचताना ते स्वतःही अडखळले, ते मी पाहिलं. सगळा तांडा तुमच्याकडं वळला. भाऊसिंग म्हणाला, "तूच पानी बंद कराले हो म्हणली, न तूच आमचे ड्रम उलटे करत फिरली?"

माझ्याकडं पाहिलंत. "भाऊ, तुमी सांगा. मी हो म्हणलं होतं का?"

एक शब्द पुरला असता. नाही म्हणायला किती वेळ लागतो? तुमचा कागद तेव्हा माझ्या डायरीत होता आणि डायरी माझ्या काखेत. मी म्हणालो, "बुकात आहे ते खरं, ताई."

"बरं, साहेब."

नऊ वर्षं तुम्ही मला भाऊ म्हणत होतात. त्या दिवशी साहेब झालो. आठ दिवसांत तुमच्या घराला कुलूप लागलं.

काल तांड्यात जाऊन आलो, तुमच्यासारखी बॅटरी घेऊन. अकरा घरांचे ड्रम पाहिले, सात ड्रमांत अळ्या वळवळत होत्या. तुम्ही दाखवायच्या तेव्हा मी लांबूनच हो हो म्हणायचो, जवळून पहिल्यांदाच पाहिल्या. नळ अजून आठव्या दिवशीच आहे. दोन लेकरं तापानं फणफणली होती, त्यातला एक मोहनसिंग नाईकांचा नातू. आता उतार आहे, पण दोन रात्री सगळा तांडा जागा होता.

प्रयागबाईचा ड्रम तिथंच आहे. त्यावर निकिताची शाळेची ओढणी ताणून सुतळीनं बांधली आहे. मी उभा होतो तर म्हणाली, "राखी सांगत होती झाका म्हणून. तवा नाई झाकला. आता झाकतो."

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. अजून माझी छाती होत नाही, हे खरं तेच लिहितो. नुसतं ठरवलंय म्हणून सांगायला मला आता लाज वाटते. माझ्या शब्दाला काय किंमत आहे ते तुम्ही पाहिलं आहे.

भागवत


हिवरदरी, २९ जानेवारी

राखीताई,

हे पंचायतीच्या टेबलावरूनच लिहितो आहे. या पत्रासोबत प्रोसिडिंग बुकाच्या तीन पानांची झेरॉक्स आहे. चुलीत घालायचं असेल तर पत्र घाला, झेरॉक्स ठेवा.

ग्रामसभेचा पहिला विषय कायम ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तुम्हाला माहीतच आहे तो कसा होतो. मी म्हणतो, "वाचलं असं समजावं का?" आणि सगळे म्हणतात, "कायम, कायम." बावीस वर्षांत मी एकदाही इतिवृत्त वाचलेलं नाही. दर सभेला वाचलं असतं तर घरी बसून मनानं नावं टाकायची हिंमत झाली नसती. माझी ती खोड कधीच मोडली असती.

या वेळी बुक उघडलं आणि वाचायला लागलो. लोक आपसात बोलत होते. तलाव, हरभरा, आठवा दिवस इथवर आलो तसे गप्प झाले. 'सर्वानुमते' आलं तिथं थांबलो. म्हणालो, हे खोटं आहे. सभेत एक विरोध झाला होता आणि तो मी लिहिला नाही. राखीताई उभ्या राहिल्या होत्या. अनुमोदक म्हणून त्यांचं नाव आहे ते मी घरी बसून मनानं टाकलं. आणि देवळापुढं त्यांनी मला विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो.

मारोतराव दबक्या आवाजात म्हणाले, "भागवतराव, गाडलेली मढी कायले उकरून राह्यले? नोकरी जाईन तुमची."

मी तुमचा अर्ज काढला. सात ओळी वाचल्या. मागं खिडक्यांची मापं आहेत तीही सांगितली, कारण कागद सगळ्यांना दिसत होता. मग आवक रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर नोंद केली. मिळाल्याचा दिनांक २ ऑक्टोबर, नोंदीचा दिनांक २६ जानेवारी. मधल्या दिवसांचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात लिहिलं, "ग्रामसेवकाने दडवून ठेवला."

भाऊसिंग नव्हता, तो परत फडावर गेला आहे. मोहनसिंग नाईक खाली मान घालून बसले होते. मग मारोतरावच उठले. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. म्हणाले, "तिनं मले बी सांगतलं होतं. पान्याच्या मांगं दवाखाना येते म्हणून. मी आयकलं नाई. तेबी लिवा."

लिहिलं. झेरॉक्समध्ये दुसऱ्या पानावर आहे.

मग ठराव आला. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, आणि ज्या दिवशी तांड्याला पाणी त्या दिवशी सकाळी पंचायतीचा माणूस जाऊन म्हाताऱ्या माणसांचे ड्रम रिकामे करून घासून देणार. पवन उठला. त्याचा हरभरा घाट्यावर आहे, शेवटचं पाणी राहिलंय. "माह्यं पीक वाळलं तं कोन जबाबदार?" मागून नेहमीचा आवाज आला, "जाऊ द्या साहेब, सर्वानुमते लिवा." मी पवनला म्हणालो, थांब, तुझं पुन्हा सांग, आणि त्याचा विरोध जसाच्या तसा उतरवून घेतला. तोच गोंधळला. म्हणाला, "लिवता काय खरंच?" अर्ध्या तासात त्याला तलावाच्या पाण्याच्या दोन बाऱ्या जास्त द्यायचं ठरलं आणि त्यानं स्वतःच नळाच्या ठरावाला हो म्हटलं. लिहून घेतलं की माणूस भांडत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

दुसरा ठराव मोहनसिंग नाईकांनी मांडला. पाणी असो, रस्ता असो, बाजाराची जागा असो, कोणताही ठराव करायच्या आधी गावाच्या आशाताईला विचारायचं की यानं कोणाच्या अंगावर काय येईल, आणि ती सांगेल ते आधी लिहायचं, ठराव नंतर. "दवाखान्याचा इषय येगळा काढून ठेवू नका," म्हणाले. "सगळ्याच इषयाले दवाखाना चिकटला हाये." सूचक म्हणून त्यांचं नाव आहे, त्यांनी स्वतः सांगून.

मी विचारलं, अनुमोदक कोण? नेहमी मी विचारत नाही. सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. तेव्हा बायांच्या बाजूनं प्रयागबाई उठली. ग्रामसभेत ती कधी येत नाही, त्या दिवशी का आली कोण जाणे.

"माह्यं नाव लिवा," म्हणाली. "पन आंधी वाचून दाखवा."

वाचून दाखवलं. म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "राखीचं नाव खोडलं काय?"

मी समजावलं की बुकात खोडता येत नाही, जुनं तसंच ठेवून खाली दुरुस्ती लिहितात. तिनं ती दुरुस्तीही वाचायला लावली. मग स्टॅम्प पॅडवर अंगठा दाबला आणि तिच्या नावापुढं उमटवला. मी बुक माझ्याकडं ओढलं आणि सहीसाठी पेन उघडला.

तिनं बुकावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "सही तं तुमची तवाबी होती, साहेब. अंगठा लावा."

राखीताई, मी मराठीत एम. ए. केलेला माणूस आहे. शेपन्नास माणसं बघत होती. कोणी हसलं नाही आणि कोणी मध्ये पडलं नाही. मी अंगठा लावला. प्रयागबाईच्या अंगठ्याखाली माझा.

गटविकास अधिकाऱ्यांना मी त्याच दिवशी स्वतः रिपोर्ट केला. काल नोटीस आली, सात दिवसांत खुलासा मागितला आहे. खुलासा काय करणार, जे केलं ते लिहून देईन. पुढं काय व्हायचं ते होईल. पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, हे आधी का नाही केलं? निकिता ऑक्टोबरात जिवंत होती आणि हे सगळं मला ऑक्टोबरातही करता आलं असतं. माफी मागत नाही. जिच्याकडं मागायची ती मानोऱ्याच्या शाळेत आठवीत होती.

मोहनसिंग नाईक तुम्हाला आणायला स्वतः फडावर यायचं म्हणतात. भाऊसिंगला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काल तांड्याला पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी पाणी आलं. प्रयागबाईचा ड्रम मी आणि शिपायानं मिळून उलटा केला, घासला, उन्हात ठेवला. ओढणी तिनं धुऊन वाळत घातली.

अंगठ्याची शाई तीन दिवस झाले निघत नाही. साबण झाला, रॉकेल झालं. या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसेल. तो पुसू नका.

भागवत